चन्नप्पा अण्णांचं दार

चन्नप्पा अण्णांना रस्ता विचारू नये, हे कर्नाटक सीमेवरच्या मादन हिप्परग्याच्या स्टँडवर उतरल्यावर अर्ध्या तासात मला कळलं, पण तोवर मी विचारून बसले होते. स्टँडसमोर टेलरिंगचं दुकान होतं. आत साठीच्या आसपासचा एक माणूस मशीनवर बसला होता. मी हायस्कूल कुठं आहे एवढंच विचारलं. ते लगेच उठले, पायात चपला सरकवल्या, माझी बॅग उचलली आणि चालू लागले. दोन गल्ल्या झाल्या, एक गोठा झाला, कडब्याची एक गंजी झाली आणि पुन्हा तीच पहिली गल्ली आली. तिसऱ्यांदा तो गोठा आला तेव्हा तिथली म्हैससुद्धा आमच्याकडं ओळखीनं बघायला लागली होती. शेवटी ओट्यावर तूर पाखडत बसलेली एक बाई म्हणाली, "अण्णा, टीचरला कामून फिरवायलाव? शाळा तुमच्या दुकानाच्या मागंच हाय की."

अण्णांचा जन्म याच गावातला. दुकान तिथंच चाळीस वर्षं. पण ते जराही वरमले नाहीत. चला, या निमित्तानं तुमचं गाव बघून झालं, असं त्यांनी मलाच समजावलं. मी उदगीरकडची, स्वभावानं जरा तापट. पहिल्याच नेमणुकीच्या पहिल्याच दिवशी हजेरीला उशीर झाला म्हणून त्यांच्यावर जाम चिडले होते. आणि पुढची सहा वर्षं मी त्याच माणसाच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहिले. आपण ठरवतो काय आणि होतं काय, याचा मला अजून उलगडा होत नाही.

गंमत म्हणजे कापडात हा माणूस कधी चुकत नसे. बाईला नुसतं एकदा दारातून येताना बघितलं की ब्लाउजचं माप त्यांच्या डोक्यात बसे. टेपनं ते फक्त समोरच्याचं समाधान करत. कात्री हातात घेतली की वेडीवाकडी वळणं, गळे, कळ्या, सगळं बिनचूक. कात्री खाली ठेवली की डावं-उजवं संपलं. गुलबर्ग्याला मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेले आणि भलत्याच कार्यालयात शिरले. तिथं नवरा-नवरीला आशीर्वादाचं गाणं म्हणाले, पंगतीत दोनदा भात घेतला, नारळ आणि ब्लाउजपीस घेऊन परत आले. मित्र आठ दिवसांनी भांडायला आला तेव्हा यांना पत्ता लागला. मी म्हटलं, अण्णा, नवरी ओळखीची नाही हे तरी कळायला हवं होतं. ते म्हणाले की नटलेल्या सगळ्या नवऱ्या सारख्याच दिसतात, आणि ब्लाउज मात्र फार वाईट शिवलेला होता, तेव्हाच शंका आली होती.

भाषांचंही तसंच. बायकोशी, गौरम्माशी, ते कन्नडात बोलत. गिऱ्हाइकाशी मराठीत. मापं मोजायची ती दखनीत: सवा अठ्ठाईस, साडे चौदा. राग आला की समोरच्याला जी भाषा येत नसेल ती बोलत, म्हणजे आपला राग निघतो आणि त्याला लागत नाही. तुमची मातृभाषा कुठली, असं मी एकदा विचारलं. शाळेच्या फॉर्मवर असतो तसा साधा प्रश्न. अण्णा एवढा वेळ विचार करत राहिले की इस्त्रीखालचं अस्तर करपलं. मग म्हणाले, "माय कन्नड बोलायची. पण मला मारायची मराठीत." 

माझा तर पहिल्याच आठवड्यात पोपट झाला. मी खोलीतून दुकानात आले होते, अण्णा काजं करत होते. मान वर न करता म्हणाले, "टीचरम्मा, तेवढं दार द्या इकडं." मी जाऊन दार लोटलं. अण्णा म्हणाले, दार वो, दार. मला वाटलं उघडं हवंय. मी ते सताड उघडलं. ते पुन्हा म्हणाले, दार! मी दाराची कडी धरून त्यांच्याकडं बघत उभी राहिले. गौरम्मा आतून हसत आल्या आणि खिडकीतलं दोऱ्याचं रीळ उचलून त्यांच्या हातात दिलं. कन्नडात दार म्हणजे दोरा, हे मला त्या दिवशी कळलं. अण्णांना बिचाऱ्यांना आपण एका वाक्यात दोन भाषा कालवल्या आहेत हे तेव्हा कळलंच नाही. या माणसाच्या शेजारी राहायचं म्हणजे प्रत्येक शब्द दोन्हीकडून तपासून घ्यावा लागणार, हे मात्र मला कळून चुकलं.

दर सोमवारी देवळात भजन असे. मराठी एक, कन्नड एक, पुन्हा मराठी, असं चालायचं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. पहिली ओळ अण्णांची, दुसरी ओळ रेवप्पांची. रेवप्पांची पिठाची गिरणी अण्णांच्या दुकानाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडं. उंच माणूस, भरघोस मिशा, त्या कायम पिठानं पांढऱ्या, त्यामुळं खऱ्या किती पिकल्यात ते कुणाला ठाऊक नव्हतं. बोलणं अगदी कमी. पण अण्णांची पहिली ओळ वरच्या पट्टीत जाऊन जरा हेलकावे खायला लागली की खालून रेवप्पांचा जाड, सरळ आवाज यायचा आणि ती ओळ अलगद जागेवर आणून ठेवायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं, असं गाव सांगायचं. मला गाण्यातलं काही कळत नाही. तरी सोमवारी वह्या तपासायला मी देवळाच्या पायरीवर जाऊन बसायला लागले.

गौरम्मांनी एकदा सांगितलं. दोघं मित्र तरुणपणी गुलबर्ग्याचा किल्ला बघायला गेले होते. आतल्या मशिदीत कमानींमागं कमानी, सगळ्या एकसारख्या. अण्णा त्यात शिरले आणि हरवले. बाहेर यायला वळावं तर पुन्हा कमान. रेवप्पांनी हाका मारल्या, पण हाक घुमते, ती कुठून येतेय ते कळत नाही. तेव्हा अण्णांनी घाबरून आतूनच भजनाची पहिली ओळ म्हटली आणि बाहेरून रेवप्पांनी दुसरी. असं एकेक ओळ करत अण्णा त्या आवाजाच्या मागं बाहेर आले. पहारेकऱ्यानं दोघांनाही हाकलून दिलं. ही गोष्ट सांगताना गौरम्मा हसत होत्या, पण अण्णा हसले नाहीत. मशीन चालवत राहिले.

मी ही गोष्ट ऐकली तेव्हा दोघांचं बोलणं बंद होऊन सहा महिने झाले होते. झालं ते एवढंच. जत्रेच्या पंचांनी ठरवलं की यंदापासून मराठी भजन एका दिवशी, कन्नड भजन दुसऱ्या दिवशी. दोन फलक, दोन मांडव, माईक मात्र एकच. ज्यानं त्यानं आपलं नाव दोनांतल्या एका यादीत लिहायचं. भांडण कुणाचंच नव्हतं, नुसती सोय होती. रेवप्पांनी कन्नडच्या यादीत नाव लिहिलं आणि त्याखालची एक ओळ अण्णांसाठी बोट ठेवून मोकळी सोडायला लावली. मग याद्या अण्णांकडं आल्या. अण्णांनी त्या दोन दिवस दुकानात ठेवल्या, शेजारीशेजारी, आणि आपलं नाव न लिहिताच परत केल्या. त्यांना खरोखरच कळत नव्हतं आपलं नाव कुठं लिहायचं. पण रेवप्पांना ते कोण सांगणार? ते मला म्हणाले होते, "तीस वर्षं त्याच्या मागं म्हणलो मी. त्याला माझ्या खाली एक नाव लिहवंना व्हय?"

झालं. समोरासमोरची दोन दुकानं, मध्ये बारा पावलांचा रस्ता, आणि निरोप्या मी. अण्णा म्हणायचे, गिरणीवाल्यास्नी सांगा की तुमचं पीठ आमच्या कापडावर उडायलंय. मी रस्ता ओलांडायची. रेवप्पा म्हणायचे, त्यास्नी सांगा की वाऱ्याला सांगा. मी परत. एक दिवस मी वैतागून रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हटलं की मी इंग्रजी शिकवायला आलेय, टपाल वाटायला नाही. दोघांनी एकाच वेळी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं. सोमवारचं भजन तर केव्हाच बंद पडलं होतं. अण्णा कधीतरी काम करता करता पहिली ओळ गुणगुणायचे, थांबायचे, आणि समोर गिरणीचा पट्टा धडधडत राहायचा. मग ते मशीन जोरात चालवायचे. ते बघवत नसे.

अशीच दोन वर्षं गेली. त्या वर्षी नववीला अवांतर वाचनासाठी एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात ग्रीक लोकांची एक जुनी कथा होती. एका राजानं बांधलेला भुलभुलैया; आत गेलेला माणूस परत येत नाही; मधोमध बैलाच्या डोक्याचा एक राक्षस. एक राजपुत्र आत जातो, राजकन्या त्याला दोऱ्याचा गुंडा देते, तो दोरा सोडत सोडत आत जातो, राक्षसाला मारतो आणि दोरा धरून बाहेर येतो. मी ब्लाउज न्यायला दुकानात आले तेव्हा ते पुस्तक हातात होतं. अण्णांनी त्यातलं गोल गोल फेऱ्यांचं चित्र बघितलं आणि चष्मा वर सारला.

ते म्हणाले, हे आमच्यातलंच आहे. एळु सुत्तिन कोटे, म्हणजे सात फेऱ्यांचा किल्ला. त्यांची मावशी सुईण होती. एखादीचं बाळंतपण अडलं की ती काशाच्या ताटात गंधानं हेच चित्र काढायची, बाईला त्यातून बोट फिरवायला लावायची आणि मग ते गंध पाण्यात धुऊन तिला पाजायची. मी म्हटलं, छे, ही परदेशातली गोष्ट आहे, हजारो वर्षांपूर्वीची, आणि यात तर मारामारी आहे. मी सगळी कथा सांगितली. अण्णांनी मन लावून ऐकली आणि शेवटी मान हलवली. "न्हाई टीचरम्मा. सांगणाऱ्यानं उलटं सांगितलंय. हे आत जायचं चित्रच न्हाई. हे भाईर यायचं चित्र हाय." मग त्यांनी विचारलं, दोरा हातात घेऊन तो आत जातो, ते ठीक. पण भाईरचं टोक कोण धरतं? मी म्हटलं, राजकन्या. ते म्हणाले, "म्हंजे खरं काम तिचं हाय." आणि त्यांनी रस्त्यापलीकडं बघितलं. तेव्हा मला काही समजलं नाही. मी मंदच.

शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. हेडमास्तरांना गावकऱ्यांचा एक कार्यक्रम हवा होता. अण्णा म्हणाले, मी भुलभुलैयाचं भजन बसवतो, पण दोन्हीकडचे लोक पाहिजेत, आणि टोक धरायला रेवप्पा पाहिजे. निरोप अर्थातच माझ्याकडं. मी बारा पावलं ओलांडली. गिरणीच्या आवाजात ओरडून ओरडून ग्रीक कथा सांगणं म्हणजे काय, हे माझं मलाच माहीत. रेवप्पांनी पट्टा बंद केला. बैलाच्या डोक्याचा, हे ऐकून त्यांचा चेहरा बदलला. "बैल मंजे बसवण्णा. बसवण्णाला मारायचं नाटक करायलाय व्हय तो? सांगा त्याला, मी न्हाई."

मी हबकलेच. इकडं नंदीला बसवण्णा म्हणतात, आणि इतकी वर्षं इंग्रजी शिकवून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. अण्णा स्वतः लिंगायत, त्यांच्याही गळ्यात लिंग. त्यांना तरी हे कसं सुचलं नाही, असं मी परत येऊन विचारलं. ते शांतपणे म्हणाले की मारायचं कधी ठरलंच नव्हतं. बसवण्णा आत अडकलाय. त्याला कुणी सांगितलं नाही कुठून यायचं ते. जाणाऱ्यानं त्याला घेऊन बाहेर यायचं. मी पुन्हा गिरणीत. रेवप्पांनी ऐकून घेतलं, मिशा पुसल्या आणि दुसरी अडचण काढली: टोक धरणारी तर बाई आहे, आणि मला मिशा आहेत. अण्णांचं उत्तर होतं की धरणाऱ्याच्या मिशा कोण बघतो. यावर रेवप्पा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पट्टा चालू केला. मी काय निरोप न्यायचा ते न समजून मधल्या रस्त्यावर उभी राहिले, एका ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

तालीम म्हणजे नुसता गोंधळ होता. मैदानावर पी.टी. मास्तरांनी फक्कीनं सात फेऱ्या आखल्या, बांबू रोवून त्यांना कमरेइतक्या उंचीवर जुन्या साड्या बांधल्या. त्या सगळ्या साड्यांचे ब्लाउज अण्णांनीच शिवले होते, म्हणून बायकांनी हौसेनं दिल्या. टाळकरी मराठीकडचे आणि कन्नडकडचे मिसळून फेऱ्यांमध्ये उभे. गाण्याचे शब्द अण्णांनी केलेले. मी आधी "दोरा दे गं अक्का" असं लिहून दिलं होतं, ते त्यांनी खोडून "दार दे गं अक्का, दार दे, आतल्याला दार दे" असं केलं. मी म्हटलं, अण्णा, अर्ध्यांना यात दोरा ऐकू येईल आणि अर्ध्यांना दरवाजा. ते म्हणाले की मग काय बिघडलं, दोघांचंही बरोबरच आहे. मला ते पटलं नाही. पण अण्णांना समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही आता कोणतं दार कुठलं ते सांगता येत नव्हतं. तालमीत अण्णा रोज चुकायचे. तिसऱ्या फेरीत डावीकडं वळायचं ते उजवीकडं वळून गाणाऱ्यांच्या अंगावर जायचे. टोक धरायला रोज वेगळा माणूस उभा राहायचा. रेवप्पा एकदाही आले नाहीत.

संमेलनाच्या संध्याकाळी ऊन उतरलं होतं. सगळं गाव आलं होतं. शेजारच्या खजुरीकडचे पाहुणेही होते. गिरणी बंद होती, पण रेवप्पा दिसत नव्हते. अण्णांनी पांढरं धोतर नेसलं होतं, हातात गोधडी शिवायच्या तांबड्या दोऱ्याचं मोठं रीळ. मी म्हटलं, मी धरते टोक. ते म्हणाले, "न्हाई. रेवप्पा धरतो." आणि दोऱ्याचं टोक भुलभुलैयाच्या तोंडाशी तसंच मातीत टाकून ते आत शिरले.  दोन वर्षांत मी इतके निरोप पोचवले होते, पण या एका निरोपाचं उत्तर मला आणता आलं नव्हतं.

टाळ सुरू झाले. दोरा सोडत, चुकत, परत फिरत, लोकांच्या हसण्यात अण्णा मधोमध पोचले. तिथं झूल पांघरून पुठ्ठ्याची शिंगं लावलेले पी.टी. मास्तर बसले होते. अण्णांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि वरच्या पट्टीत पहिली ओळ टाकली: दार दे गं अक्का, दार दे. आणि थांबले. दुसरी ओळ आलीच नाही. त्यांनी पुन्हा म्हटली. मग मराठीकडच्या टाळकऱ्यांना वाटलं, अण्णा दार मागताहेत; म्हातारा नेहमीप्रमाणं अडकला. त्यांनी पटापट साड्या सोडल्या, बांबू बाजूला केले आणि मधोमधपासून हेडमास्तरांच्या खुर्चीपर्यंत सरळ वाट मोकळी करून दिली. कन्नडकडच्यांना वाटलं, दोरा मागतायत. ते आपापसांत विचारायला लागले की दोरा तर त्यांच्या हातातच आहे. समोर सताड उघडं दार. अण्णा तिथून चार पावलांत बाहेर आले असते. लोक ओरडून सांगत होते, अण्णा, इकडून, सरळ या. अण्णा त्या वाटेकडं बघत होते आणि हलत नव्हते. हातातला दोरा ढिला जमिनीवर लोळत होता. मलाही वाटलं, त्यांना कळेनासं झालंय. मला लाज वाटली, रडू आलं आणि त्यांचा रागही आला, हे सगळं एकदमच.

मग तो दोरा हलला. मातीतून उचलला गेला, फेऱ्याफेऱ्यांतून वर आला आणि ताठ झाला. भुलभुलैयाच्या तोंडाशी रेवप्पा उभे होते, पिठाच्या कपड्यांत, टोक मनगटाला गुंडाळून. त्यांनी दुसरी ओळ म्हटली, तशीच जाड आणि सरळ. आणि ओळ संपल्यावर गाण्याबाहेरचे तीन शब्द, दोन वर्षांतले पहिले: "दार हिडी, चन्नप्पा." दोरा धर. अण्णांनी दोरा धरला. दार उघडंच होतं. अण्णा त्याच्याकडं पाठ करून, बसवण्णाला मागं घेऊन, साती फेऱ्या चालून आले. सोडलेल्या साड्या पायांत येत होत्या, त्या उचलून बाजूला करत, ओळीमागं ओळ म्हणत ते आले. लोकांचं हसणं केव्हा थांबलं ते माझ्या लक्षात नाही.

दुसऱ्या दिवशी मी न राहवून विचारलं की समोर एवढं मोठं दार होतं, ते तुम्हाला दिसलं नाही का. अण्णा सुईत दोरा ओवत होते. म्हणाले, "दिसलं की. पण मी दार मागितलंतं." मी खूप वेळ विचार केला, यातलं कुठलं दार कुठलं. गौरम्मांना विचारलं तर त्या म्हणाल्या, आमचं लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, मलाही अजून सगळं कळत नाही.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं म्हणवत नाही. जत्रेला पुन्हा दोन फलक लागले, दोन याद्या आल्या आणि अण्णांचं नाव दोन्हींत नव्हतं. फक्त दोन्ही दिवस अण्णा आणि रेवप्पा मांडवात शेजारीशेजारी मागं बसले होते. त्यांना उठवायचं की पुढं बोलवायचं हे पंचांना ठरवता आलं नाही. सोमवारचं भजन मात्र सुरू झालं, गिरणीच्या ओट्यावर. दोघांचंच. पीठ कापडावर उडत असल्याची तक्रार आता अण्णा स्वतः रस्ता ओलांडून करत, त्यामुळं मी बेकार झाले.

हे आठ-नऊ महिने चाललं. मग एका सकाळी रेवप्पा गिरणीतच बसल्या जागी गेले. गाव जमलं. मराठीकडचे, कन्नडकडचे, सगळे टाळ घेऊन आले. आमच्याकडं बायका अंत्ययात्रेत जात नाहीत, म्हणून मी दारात घुटमळत होते. गौरम्मांनी माझा हात धरला, "बर्री टीचरम्मा" म्हणाल्या आणि ओढत नेलं. रेवप्पांना त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून, फुलांनी सजवलेल्या डोलीतून त्यांच्या शेतात न्यायचं होतं. अण्णा डोलीच्या पुढं चालत होते. रडत नव्हते. माझ्या बदलीचा कागद त्याच आठवड्यात आला होता. त्यांना मी त्यानंतर नीट असं बघितलं नाही.

वेशीपाशी त्यांनी पहिली ओळ म्हटली. ती संपताच मागच्या दोन्हीकडच्या माणसांनी, कुणी न सांगता, एका आवाजात दुसरी ओळ उचलली. अण्णा थांबले. डोली थांबली. त्यांनी हात वर केला, मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "ती ओळ त्याची हाय. राहू द्या."

मग पुन्हा पहिली ओळ. त्यानंतर काहीच नाही. रेवप्पांना जेवढा वेळ लागला असता तेवढाच वेळ ते गप्प चालले. मग तिसरी ओळ. टाळकऱ्यांना कळेना, त्या रिकाम्या जागेत टाळ वाजवायचे की नाही; कुणी वाजवत होतं, कुणी थांबत होतं. मलाही पाऊल कसं टाकावं ते कळत नव्हतं. ओढा ओलांडून शेतापर्यंत अण्णांनी दुसरी ओळ कुणाला म्हणू दिली नाही, आणि एकदाही ती गाळून पुढं गेले नाहीत.